उसनं नाव

"ते इंजेक्शन त्याला देऊ देऊ नकोस," आई म्हणाली. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या हाडात रुतल्या.

मिरजेच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघी उभ्या होतो. आत माझा धाकटा भाऊ जयसिंग खाटेला बांधलेला होता. हात बांधलेले, पाय बांधलेले, तोंड मात्र अखंड चालू. आवाज पार बसला होता तरी तो बोलतच होता. कृष्णेवर नवा पूल बांधायचाय, दिल्लीहून माणसं निघालीत, त्यांची जेवणाची सोय झाली का, असं काहीबाही. आबांना जाऊन जेमतेम महिना झाला होता. आबा म्हणजे आमचे वडील, कराडचे डॉ. आनंदराव पिसाळ, मनोविकारतज्ज्ञ. एवढा मोठा शब्द कुणाच्या तोंडात बसत नसे, म्हणून आसपासच्या गावांत सगळे त्यांना येड्यांचे डॉक्टर म्हणत. आबा त्यावर हसायचे. दुसऱ्यांची पोरं शहाणी करण्यात त्यांची हयात गेली होती.

"का नको?" मी विचारलं.

"मागं एकदा दिलं होतं. मरता मरता वाचला."

"जयाला? कधी?"

"तू कोल्हापूरला होतीस. वसतिगृहात." आईनं आत पाहिलं. आबांचे भाऊ बापूकाका खाटेशेजारी बसले होते, ते ऐकत नाहीत याची तिनं खात्री केली. "तुझ्या आबांनीच दिलं होतं. आणि त्यांनीच उचलून पुण्याला नेला."

जया आजारी असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी लग्न होऊन जबलपूरला गेलेली, वर्षातून एकदा माहेरी येणारी. जया दणकट, बोलका, आबांनी दिलेली ताकदीची गोळी रोज सकाळी दुधाबरोबर घेणारा. आबा गेल्यावर बाटलीतल्या गोळ्या संपल्या आणि आईनं नव्या आणल्या नाहीत. कुठल्या आणणार? आबा पट्टीतून काढून हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून ठेवायचे, नाव कुठंच नाही. आईला वाटलं होतं, इतकी वर्षं घेतल्या, आता भागेल.

"नाव काय त्या इंजेक्शनचं?"

"मला काय ठाऊक? इंग्रजी नाव."

मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. डॉ. कुलथे, माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. त्यांनी माझं ऐकलं आणि आधी काकांकडे वळून विचारलं, "याला असं पूर्वी झालं होतं का?"

"जयाला? छ्या," बापूकाका म्हणाले. "वाघ हाय आमचा. बापाचा धसका घेतलाय त्यानं, दुसरं काय न्हाय."

आई खाली बघत होती. मी म्हणाले, "काकांना माहीत नसेल. आई म्हणते झालं होतं."

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांकडे एकेकदा पाहिलं. "हे बघा ताई, अशा वेळी द्यायची तीन-चार इंजेक्शनं असतात. त्यातलं कुठलं सोसलं नव्हतं ते कळलं तर ते टाळता येईल. नाहीतर मला जे नेहमीचं आहे तेच द्यावं लागेल. काहीच न देता हा टिकायचा नाही. झोप नाही, पाणी घेत नाही, नाडी कशी पळतेय बघा. संध्याकाळपर्यंत साध्या औषधांवर कसाबसा धरते. तुमचे वडील डॉक्टर होते ना? मग घरी कागद असणारच. नाव शोधा आणि फोन करा."

काका जयाजवळ थांबले आणि आम्ही कराडची गाडी धरली.

गाडीत आई एकदाच बोलली. "फलटणच्या पाहुण्यांना यातलं काही कळता कामा नये," एवढंच. जयाचं लग्न आबांनी जाण्याआधी ठरवलं होतं. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. जया तिशीला आलेला. आईच्या डोक्यात ते वर्ष सारखं टिकटिक करत होतं. मला तिचा राग आला. पोरगा खाटेला बांधलाय आणि हिला मांडव दिसतोय, असं मनात म्हटलं. तोंडानं काही म्हटलं नाही.

आबांचा दवाखाना खाली आणि आम्ही वर राहत असू. खालच्या मागच्या खोलीत त्यांचे कागद होते. आबांनी आयुष्यात एक चिठोरं फेकलं नाही. पेशंटांचे केसपेपर लोखंडी कपाटांत, आणि त्यांच्याच जोडीला आमच्या पत्रिका, माझी शाळेची प्रगतिपुस्तकं, आजीच्या मोतीबिंदूची चिठ्ठी, शेताचे उतारे, आम्हा दोघांच्या देवीच्या लशीचे दाखलेसुद्धा. दवाखाना कुठं संपतो आणि घर कुठं सुरू होतं हे त्या खोलीत कुणालाच सांगता आलं नसतं. मी पहिलं कपाट उघडलं आणि माझं अवसान गळालं. हजारो कागद, आणि वर नावं लिहिलेली, पण ती नावं खरी असतीलच असं नाही.

हे जरा सांगायला हवं. आबांची एक पद्धत होती. आमच्या भागात डोक्याच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे सोयरिकी मोडणं. मोठ्या घरची माणसं पेशंटला घेऊन मागच्या दारानं यायची आणि नाव सांगताना अडखळायची. मग आबा पेन खाली ठेवून विचारायचे, "कोणाच्या नावानं लिहू?" लोक घरातल्याच दुसऱ्या कुणाचं तरी नाव द्यायचे. विधवा आत्याचं, म्हाताऱ्या मावशीचं, कधी गड्याचं. ज्याचं आता काही बिघडायचं नाही असं माणूस. आबा निमूटपणे ते लिहीत, औषधंही त्याच नावानं लिहून देत. लोक त्याला उसनं नाव म्हणायचे. खरं नाव फक्त आबांच्या डोक्यात. मी लहानपणी जिन्यात बसून हे ऐकलेलं होतं आणि माझा बाप किती दयाळू आहे असं मला वाटायचं. त्या आत्याला नि मावशीला कुणी विचारलं का, हे माझ्या मनात कधी आलं नाही.

म्हणजे जयाचा कागदही असाच कुणाच्या तरी नावावर असणार. मी आईला विचारलं, "कुणाच्या नावानं लिहिलं होतं?"

"आठवत नाही."

"आजोबांच्या?"

"असेल."

आजोबांच्या नावाचा कागद नव्हता. वारलेल्या थोरल्या काकांच्या नावाचा नव्हता. आमच्याकडे राबणाऱ्या ज्ञानूच्या नावाचा होता, पण आत राहिलेल्या एका पत्रावरून तो पाटणच्या कुठल्याशा सरपंचाच्या बायकोचा निघाला. मी कपाटामागून कपाट उपसत होते. परक्या माणसांची दुःखं हातातून सरकत होती आणि मला एकाचंही काही वाटत नव्हतं. मला फक्त एक नाव हवं होतं. दुपार झाली. आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मधेच म्हणाली, "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. वर जा, दोन घास खा. तोवर मी बघते."

"तुला इंग्रजी वाचता येतं?"

"नावं तरी वाचता येतात. जा तू."

मी गेले, कारण मला खरंच भोवळ येत होती. भाकरी खाली उतरेना. पाणी पिऊन परत आले तर खोलीचं दार आतून लावलेलं. मी हाक मारली, आईनं दार उघडलं आणि कॅलेंडरचं फाडलेलं एक पान माझ्या हातात दिलं. "हे बघ. हे नाव असावं."

पानाच्या पाठीवर पेन्सिलीनं इंग्रजी अक्षरं काढली होती. काढलीच होती, लिहिली नव्हती. रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी एकेक रेघ दाबून जोडलेली. आबांचं अक्षर आधीच डॉक्टरचं, त्यात हे आईनं बघून बघून उतरवलेलं. मी ते उभं धरलं, आडवं धरलं. सुरुवातीला एक शिडीसारखं काही, मग वेटोळी, मग एक उंच काठी. त्यातून कुठल्याच औषधाचं नाव होत नव्हतं. डॉक्टरीणबाईंना फोनवर मी काय सांगणार होते, शिडी, वेटोळं, काठी?

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, हे तू कशावरून उतरवलंस?"

ती कपाटाकडे सरकली.

"म्हणजे कागद तुला सापडलाय. मग मला दे ना. मी वाचते."

"एवढ्यावरून नाही का कळत?"

"नाही कळत. कागद कुठंय?"

"हेमा, पुन्हा एकदा बघ की नीट. मी सावकाश काढलंय."

"तुला सकाळपासून ठाऊक होतं कुठं आहे ते?"

ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली. सत्तेचाळीस किलोची बाई, पण त्या कपाटापुढून तिला हलवायला मला धक्काबुक्कीच करावी लागली असती. मी ओरडले. असं काय आहे त्या कागदात की पोटच्या पोरापेक्षा मोठं झालं, असंच काहीतरी ओरडले. ती म्हणाली, "तू नको बघूस बाळ. तू बघू नयेस म्हणून तर." आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. बापूकाका होते.

"पोरी, घावलं का काय? जिभंला चावलंय गं त्यानं, सगळं रगात. बाई म्हणत्यात आता लई थांबता येनार न्हाय. इंजेक्शान भरून ठेवलंय त्यांनी."

"दहा मिनिटं थांबायला सांगा. आता परत फोन करते."

आमचा फोन जुना होता, पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं. आईनं सगळं ऐकलं. मी काही म्हणायच्या आत ती वळली. कपाट उघडलं, सगळ्यात खालचा कप्पा, माझ्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा बाजूला सारला आणि एक जाड केसपेपर काढला. शोधायला तिला काहीच वेळ लागला नाही. कागद माझ्या हातात दिला आणि पेशंटांच्या स्टुलावर जाऊन बसली.

वर आबांच्या अक्षरात लिहिलं होतं: हेमलता आनंदराव पिसाळ. वय बावीस. अविवाहित.

माझं नाव.

तक्रारी आबा नेहमी मराठीत लिहीत, घरच्यांच्या शब्दांत. 'रात्ररात्र जागी असते. एकटीच मोठमोठ्याने बोलते. आपण राणी आहोत म्हणते. अंगावरचे कपडे काढून विहिरीकडे धावली, आईबापांनी धरून आणली.' माझ्या नावाला शोभेल असं सगळं त्यांनी नीट बदलून लिहिलेलं होतं. खाली पानांमागून पानं, दर महिन्याची तारीख, गोळ्यांचे आकडे, रक्ताच्या तपासण्या. माझं लग्न झालं त्या महिन्याचीही नोंद होती. त्या महिन्यात म्हणे मला झोप बरी लागत होती.

"माझं का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आला.

"तुझ्या आबांनी विचारलं," आई म्हणाली. "जसं सगळ्यांना विचारायचे तसंच. समोर बसवून विचारलं, कोणाच्या नावानं लिहू? मी तुझं सांगितलं."

"तू?"

"मुलगी आज ना उद्या दुसऱ्या घरी जाणार. नाव बदलणार. त्याला इथंच राहायचं होतं, हे घर, शेती, चार माणसांत ऊठबस. मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही गं."

"आणि आबा काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. पेन उघडलं."

मला राग आला म्हणणं फार थोडं होईल. अंगातलं सगळं रक्त कुणीतरी खाली ओतून टाकावं तसं झालं. "आणखी कुणाकुणाला माहीत आहे? म्हणजे, माझं?"

"कागद कुणाला दाखवला नाही कधी. पण पुण्याला नेलं तेव्हा घरात काहीतरी सांगावं लागलं. जया परीक्षेला गेलाय आणि हेमाला पुण्याच्या मोठ्या डॉक्टरकडे नेतोय, असं ह्यांनी भावजींना सांगितलं. आणि औषधाच्या दुकानात तुझ्या नावाची चिठ्ठी जायची. तेवढ्यातूनच पसरलं असेल."

तेवढ्यातूनच. वाईचे पाहुणे मला पसंत करून गेले होते, पोहे खाऊन, चहा पिऊन, आणि आठवड्यात नकार आला, कारण न सांगता. तसेच पुढचे दोन. मग जबलपूरचं बिजवर स्थळ आलं आणि आबा म्हणाले, लांबचं बरं असतं. मला वाटायचं मी काळी आहे म्हणून असेल. माहेरपणाला आले की काकू त्यांचं नातवंड माझ्या मांडीवरून पटकन उचलायच्या, "दे, भूक लागली असेल त्याला," म्हणायच्या. मला वाटायचं मला मूल धरता येत नाही. स्वतःचं झालं नाही ते बरंच झालं, असंही एकदा वाटून गेलं होतं. विहिरीवर मी एकटी गेले की मागोमाग कुणीतरी यायचंच. मला वाटायचं माझ्यावर माया आहे.

त्या खोलीत मला काय काय करावंसं वाटलं ते सांगत नाही. कागद फाडावासा वाटला हे खरं. पण त्याच्या दुसऱ्या पानावर, लाल शाईनं दोनदा अधोरेखित करून, इंजेक्शनचं नाव लिहिलेलं होतं आणि पुढं 'पुन्हा कधीही देऊ नये'. जया लहानपणी माझ्या परकराला धरून झोपायचा. मी फोन उचलला.

डॉ. कुलथे लगेच फोनवर आल्या. मी नाव वाचलं, हॅलोपेरिडॉल.

"तेच भरून ठेवलंय मी," त्या म्हणाल्या. "काय झालं होतं त्यानं? वाचून दाखवा. आधी वरचं वाचा, नाव, वय, तारीख."

"डॉक्टर, कागदावर नाव माझं आहे. पण पेशंट तो आहे. वडिलांनी लपवण्यासाठी माझं नाव घातलं होतं."

"म्हणजे? केसपेपर तुमचा आहे?"

"माझ्या नावाचा आहे. माझा नाही."

पलीकडे त्यांनी फोनवर हात ठेवला असावा, तरी काकांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते हळूच बोलतो असं समजून बोलत होते. "व्हय बाई, खरं हाय. हेमाचं जरा तसंच हाय आमच्या. लग्नाआधीपासनं. पुन्याला न्हेली हुती तिला. आमी कुटं बोलत न्हाय."

डॉक्टरीणबाई परत फोनवर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. मऊ झाला होता, सावकाश झाला होता. तो आवाज मला पाठ होता. आबा खाली पेशंटांशी त्याच आवाजात बोलायचे.

"हेमलताताई, तुम्ही घरी एकट्या आहात का? शेजारी कोणी आहे?"

"आई आहे. डॉक्टर, काकांना चुकीचं सांगितलेलं आहे. मला काहीही झालेलं नाही."

"बरं. आधी खाली बसा बघू. पाणी घ्या थोडं."

"मी बसलेलीच आहे," मी ओरडले. "मला वेड लागलेलं नाही. तुम्ही ऐकून का घेत नाही? हा कागद जयाचा आहे, मी शहाणी आहे, मी दहा वर्षं संसार करतेय."

ओरडले आणि ओरडतानाच कळलं की संपलं. आबांकडे येणारी माणसं अगदी हेच म्हणायची. मला काही झालेलं नाही, मला सोडा, हेच लोक खोटं बोलतात. जिन्यात बसून मी शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि त्यातल्या एकाही माणसावर माझा कधी विश्वास बसला नव्हता.

मी तोंडावर हात ठेवून श्वास घेतला आणि फोन आईपुढे धरला. "तू सांग. एकच वाक्य. जयाचा आहे म्हणून सांग."

आई स्टुलावरून उठली. फोनजवळ आली. हात पुढे केला आणि थांबली. "भावजी तिथंच उभे आहेत," ती कुजबुजली.

"असू देत."

"आज भावजींना कळलं की उद्या फलटणला कळेल. आणि ह्यांचं काय होईल हेमा? डॉक्टर खोटे कागद करायचा म्हणतील. गेलेल्या माणसाला लोक काय काय बोलतील. ज्यांची ज्यांची नावं आहेत आत, ती सगळी उठतील."

"आई, तो मरेल."

"नाही मरणार." तिनं माझ्या खांद्याला धरलं. फोनमधून डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि आई माझ्याकडे बघत ते ऐकत होती.

"हेमलताताई, ऐकताय ना? घाबरू नका. हे तुम्हाला झालेलं असलं, तरी मला त्याचा उपयोग आहे. तुम्ही सख्खी भावंडं आहात. एकाला हे औषध इतकं बाधलं असेल, तर दुसऱ्याला देण्याचा धोका मी घेणार नाही. माझ्याकडे दुसरी औषधं आहेत. पण तुम्ही धड सांगितलं पाहिजे. तुम्ही म्हणता तो कागद तुमचा नाही, मग मी त्यातल्या कशावर विश्वास ठेवू? हे खरोखर झालं होतं का? तुम्हाला झालं होतं का?"

आईनं माझ्या दंडावरून हात फिरवला. आबांचे पाय धरणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांसारखा तिचा चेहरा झाला होता. "हो म्हण ना," ती म्हणाली. "एवढं एक हो म्हण. तो वाचेल आणि कुणाचं काही मोडणार नाही. तुझं आता काय राहिलंय मोडायचं?"

हे ती वाईट मनानं म्हणाली नाही. हे मला आजही, ती गेल्यानंतरही, निक्षून सांगता येतं. तिनं हिशेब केला होता आणि तो बरोबर होता. मी खरं बोलत राहिले असते तर ऐकणारं कुणी नव्हतं, आणि भरलेलं इंजेक्शन तिथं ट्रेमध्ये पडलेलं होतं. फोनमध्ये मागून जयाचा बसका आवाज येत होता. तो आता पुलाचं बोलत नव्हता. नुसतं "आक्का, आक्का" असं म्हणत होता. मला आक्का फक्त तोच म्हणतो.

"ताई?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला आता ठरवावं लागेल."

"हो," मी म्हणाले.

"तुम्हाला झालं होतं?"

"हो. मला झालं होतं."

"कागद तुमचाच आहे."

"माझाच आहे. मघाशी मी उगाच तसं म्हणाले."

"हरकत नाही. होतं तसं कधी कधी," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखरची माया होती. "बरं केलंत सांगितलंत. त्याला नाही देत मी ते. सिस्टर, तो ट्रे बाजूला करा." मग पुन्हा मला, "तेव्हा नेमकं काय झालं होतं, आठवेल तेवढं सांगा."

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि वाचायला लागले. "फार ताप आला. अंग लाकडासारखं ताठ झालं. मान वळवता येईना, पाणी गिळता येईना. घामानं गादी भिजली. तिसऱ्या दिवशी माणसं ओळखू येईनात."

"आणि आता कशा आहात? औषधं चालू आहेत ना?"

आई माझ्या पायांशी बसली होती. तिनं कपाळ माझ्या गुडघ्याला टेकवलं होतं आणि ती रडत होती, सुटल्यासारखी. मी शेवटचं पान उलटलं. आबांनी जाण्याच्या आदल्या आठवड्यात लिहिलं होतं.

"चालू आहेत," मी वाचलं. "नियमित घेते. कुणाला त्रास देत नाही."